प्राडाची चप्पल, जीआयचा टिळा आणि माझी चोरीला गेलेली नक्षी

आडवा_धागा | १३ डिसेंबर २०२५

राग निवायला आठ महिने लागले, म्हणून आत्ता लिहितेय.

मी पुण्यात हातमागाच्या सुती कापडावर स्क्रीनने छपाई करून ओढण्या आणि साड्या विकते. सगळा पसारा घराच्या मागच्या खोलीत. दोन वर्षांपूर्वी आजोळी जात्याला टाकी लावून घेतली, म्हणजे छिन्नीने दगडात नव्या खाचा पाडून घेतल्या. पाळूवर, म्हणजे जात्याच्या दगडावर, जे तिरपे घाव उमटतात ना, मधून बाहेर फाकत जाणारे, ते बघून एक नक्षी सुचली. वहीत काढली, चार वेळा खोडली, शेवटी जमली. निळीवर पांढरे घाव अशी ओढणी केली आणि ती बरी खपली. फोटो अर्थातच इन्स्टाग्रामवर टाकत होते, नाहीतर विकणार कुणाला?

या वर्षी मार्चमध्ये मैत्रिणीने एक लिंक पाठवली. तीच नक्षी, तोच फाकणारा कोन. इतकंच काय, माझ्या स्क्रीनमध्ये एका कोपऱ्यात एक घाव चुकून तुटला होता, तोही तसाच तुटलेला. पॉलिएस्टरवर डिजिटल प्रिंट, किंमत ३९९. माझी ओढणी १,६५० ची. माझ्या दोघी गिऱ्हाइकांना माझीच ओढणी नकली वाटली, कारण त्यांनी ती स्वस्तातली आधी पाहिली होती.

वकिलांकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "किती नग विकलेत?" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, एकशेसाठ. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, पन्नासच्या वर छापलंत तिथे कॉपीराइट संपला. मग डिझाइनची नोंदणी करू, असं मी म्हटलं. तर म्हणाले, फोटो आधीच जगजाहीर केलेत, आता ती नक्षी कायद्याच्या भाषेत नवीन राहिली नाही. म्हणजे जास्त विकलं म्हणून एक दार बंद, आणि दाखवून विकलं म्हणून दुसरं.

हे सगळं पुन्हा वर आलं ते परवाच्या बातमीमुळे. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या बड्या इटालियन कंपनीने पुरुषांच्या पायात थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला घातल्या आणि त्यांना नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आता त्याच प्राडाने महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार केलाय. महाराष्ट्र-कर्नाटकात बनवलेले २,००० जोड, सुमारे ८०० युरोला एक, फेब्रुवारीपासून जगभरातल्या ४० दुकानांत.

माझा प्रश्न साधा आहे. कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन होतं. तरीही प्राडाला कायद्याने कुणी अडवू शकलं नाही, जे झालं ते आरडाओरड्याने झालं. मग हे मानांकन नक्की कशाचं रक्षण करतं? आणि माझ्यासारखीने काय करायचं?

---

चहाटळ_चकली | १३ डिसेंबर

तुटलेला घावसुद्धा कॉपी केला?! निर्लज्जपणाची कमाल आहे. वाचतेय.

---

खवचट_पेन्शनर | १३ डिसेंबर

सहानुभूती आहे, पण एक विचारतो, रागावू नका. जात्याचे घाव तुमचे कसे? ते टाकीवाल्याचे. त्याने शेकडो जात्यांना टाकी लावली असेल, त्याला ओढणीमागे काय दिलंत?

फॅशन म्हणजेच नक्कल हो. एकाने घातलं ते दहांनी घातलं की फॅशन, एकट्यानेच घातलं तर विक्षिप्तपणा. आमच्या काळात हिरोचा शर्ट पाहिला की शिंपी गल्लीतल्या निम्म्या पोरांना तसाच शिवून द्यायचा. उल्हासनगरच्या जीन्सवर 'मेड इन यूएसए' असायचं आणि लोक म्हणायचे, उल्हासनगर सिंधी असोसिएशन. कुणी कोर्टात गेलं नाही, सगळ्यांना कपडे मिळाले. तुळशीबागेतून उद्या नकला काढून टाकल्या तर तिथे गणपती आणि राम एवढेच उरतील.

---

आडवा_धागा | १३ डिसेंबर

@खवचट_पेन्शनर, टाकीवाल्याचा मुद्दा झोंबला, खोटं बोलणार नाही. पण घाव पाहून नक्षी काढणं आणि काढलेली नक्षी चुकीसकट स्कॅन करणं यात फरक आहे की नाही?

---

कायदेपंडित_नव्हे | १४ डिसेंबर

वकील आहे, मुंबईत. हा सल्ला नव्हे, नुसती चर्चा समजा.

धागाकर्तीला सांगितलेलं बरोबर आहे, फक्त त्यामागचं कारण कुणी समजावत नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे दोन वेगळे कायदे आहेत. १९५७ चा कॉपीराइट कायदा कलाकृती सांभाळतो, आणि तेही कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. २००० चा डिझाइन कायदा कारखान्यातून निघणाऱ्या वस्तूचं रूप सांभाळतो, पण १० अधिक ५ अशी १५ वर्षंच, आणि नोंदणी केली तरच. आता कुणी चादरीवरच्या फुलाला 'कलाकृती' म्हणून शंभर वर्षांची मक्तेदारी मागू नये यासाठी कॉपीराइट कायद्यात कलम १५(२) आहे. ज्या डिझाइनची नोंदणी होऊ शकली असती पण केली नाही, ते औद्योगिक प्रक्रियेने वस्तूवर ५० पेक्षा जास्त वेळा उतरवलं की त्यातला कॉपीराइट संपतो. कायद्याचं म्हणणं असं की बाजारात उतरायचं होतं तर बाजाराच्या खिडकीवर नोंद करायची.

याने मोठेही घायाळ झालेत. रितिका विरुद्ध बिबा हा २०१६ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल बघा. रितिका म्हणजे फॅशन डिझायनर रितू कुमार यांच्या लेबलची कंपनी, नामवंत प्रिंट, तरीही पन्नासच्या आकड्यावर दावा गेला. उलट २००८ मध्ये डिझायनर तरुण तहिलियानींच्या कंपनीचा दावा टिकला, कारण त्यांचे महागडे कपडे पन्नासच्या आतच बनत. म्हणजे लाखाचा लेहंगा वीस जणींना विकणारा सुरक्षित आणि दीड हजाराची ओढणी एकशेसाठ जणींना विकणारी उघड्यावर. कायद्याने मुद्दाम श्रीमंतांची बाजू घेतलेली नाही, पण गणित तसं पडतं खरं.

एक फट आहे. कलमात 'औद्योगिक प्रक्रियेने' हे शब्द आहेत. हाताने ओढलेली स्क्रीन औद्योगिक का, यावर वाद घालता येईल. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस प्रकरणात सांगितलंय की आधी मूळ चीज कलाकृती आहे की वस्तूला लावायचं डिझाइन ते तपासा, नुसते नग मोजून थांबू नका. पण तुमची नक्षी ओढणीसाठीच काढलेली. मी तुमचा वकील असतो तर फी घेण्याआधी दोनदा विचार केला असता.

---

चहाटळ_चकली | १४ डिसेंबर

"फी घेण्याआधी दोनदा विचार" करणारा वकील! याचीच आधी कुठेतरी नोंदणी करा.

---

आडवा_धागा | १४ डिसेंबर

आणि डिझाइनची नोंदणी वेळेवर केली असती तर?

---

कायदेपंडित_नव्हे | १४ डिसेंबर

तर बरंच काही झालं असतं. एकट्या व्यक्तीला सरकारी फी फक्त १,००० रुपये. अट एकच, अर्जाच्या आधी ती नक्षी कुठेही प्रसिद्ध झालेली नको. इन्स्टाग्रामही प्रसिद्धीच. म्हणून क्रम असा: आधी अर्ज, मग फोटो. आपल्याकडे सगळे उलटं करतात.

नोंदणी असली की नकलेविरुद्ध मनाई हुकूम मागता येतो. मात्र नुसती ठरावीक रक्कम मागाल तर कायद्यात एका डिझाइनमागे कमाल ५०,००० आहे, त्याहून जास्त नुकसान असेल तर ते वेगळं सिद्ध करत बसा. आणि प्रमाणपत्र हातात यायला महिने लागतात. तोवर हंगाम संपून ती ओढणी पुसायला घेतलेली असते.

बड्या कंपन्या म्हणूनच डिझाइनच्या भानगडीत न पडता ट्रेडमार्ककडे जातात, कारण तो नूतनीकरण करत राहिलात तर मरतच नाही. लुबुटाँ या फ्रेंच बूट-कंपनीचा लाल तळवा आठवा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने सांगितलं की तळवा लाल आणि वरचा बूट दुसऱ्या रंगाचा असेल तर ती त्यांची खूण, अख्खा बूटच लाल असेल तर नाही. रंगावर मालकी! पण ती मिळते वर्षानुवर्षं जाहिरातीवर ओतलेल्या पैशातून. लोकांच्या डोक्यात 'लाल तळवा म्हणजे अमुक' हे बसवायला लागतं.

---

रंकाळ्याचा_वारा | १५ डिसेंबर

राम राम. कोल्हापूरचा हाय. आमच्या घरात चपलांचा धंदा, आबा म्हणजे माझं आजोबा, ते अजून रापी हातात घेतात. मी स्वतः नोकरी करतो, रविवारी बसतो.

प्राडा, प्राडा लई झालं. आमच्या दुकानात जूनमध्ये तीन चॅनलवाले येऊन गेले. आबांस्नी विचारत होते, तुमाला काय वाटतंय? आबा म्हणाले, बरं वाटलं, तळ बरा शिवलाय. त्यांनी ते दाखवलंच न्हाई.

आता खरं सांगतो. प्राडानं आमचं नाव न्हाई चोरलं, त्यानं नाव घेतलंच न्हाई. नाव चोरलंय ते बाकीच्यांनी. रेक्झिनचा पट्टा, रबराचा तळ, कुठल्या कुठनं पोत्यात भरून आल्याला माल, त्याच्यावर 'अस्सल कोल्हापुरी' शिक्का. तीनशेला जोड. हे आमच्याच गावात, देवळाला आलेल्या पाव्हण्याला विकतात. पाव्हणा घरी जातोय, महिन्यात चपलेचा अंगठा तुटतोय, मग म्हणतोय कोल्हापुरीत काय दम न्हाई. त्या पाव्हण्यासाठी कोण मोर्चा काढला न्हाई.

खरी चप्पल म्हणजे म्हशीचं कातडं, बाभळीची साल आन हिरडा घालून कमावल्यालं. शिलाई चामड्याच्या वादीनं, खिळा न्हाई. वेणी घालायचं काम आईचं आन चुलतीचं, पन नाव कायम आबांचं. (ही चोरी कुठल्या कायद्यात बसती, वकीलसाहेब?) एका कापशीला (कोल्हापुरीचाच एक घाट) सगळं धरून दोन-तीन दिवस जातात. आमी ती दोन हजाराला विकतो तरी गिऱ्हाईक म्हणतंय, बाहेर तीनशेला हाय.

---

कायदेपंडित_नव्हे | १५ डिसेंबर

@रंकाळ्याचा_वारा, धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं दिलंत. जीआय नावाला कुंपण घालतं. 'कोल्हापुरी चप्पल' हे नाव महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांबाहेरच्या मालाला लावायचं नाही, एवढा तो हक्क. अंगठा, कान, वेणी या घाटावर कुणाची मालकी नाही. घाट इतका जुना आहे की तो डिझाइन कायद्यात 'नवा' ठरणं शक्य नाही.

त्यात ही नोंदणी भारतातली. २०१८ च्या डिसेंबरची. मिलानमध्ये तिचा अंमल नाही. आणि प्राडाने नाव वापरलंच नव्हतं. म्हणजे तिन्ही बाजूंनी हात रिकामे.

जुलैत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली तीही फेटाळली गेली. कोर्टाचं म्हणणं, हक्क नोंदणीधारकाचा आहे, त्याने यावं, तुम्ही कोण? आणि नोंदणीधारक कोण, तर लिडकॉम आणि लिडकर, दोन राज्यांची दोन महामंडळं. ती कोर्टात गेली नाहीत, वाटाघाटीला बसली. माझ्या मते ते शहाणपणाचं होतं. इटलीतल्या कोर्टात त्यांच्या हाती काहीच लागलं नसतं.

---

सावली_उन्हाची | १६ डिसेंबर

जूनपासून एक गोष्ट खुपतेय, इथे लिहिते. 'आपली कोल्हापुरी', 'आपला वारसा', 'आपल्या संस्कृतीची चोरी' असं जे सगळीकडे चाललं होतं, त्यात 'आपली' म्हणजे कुणाची? कातडं कमावणारा ढोर समाज, चप्पल शिवणारा चर्मकार समाज. त्यांची घरं गावाच्या कडेला, कातड्याच्या वासावरून नाकं मुरडणारे आपणच. ती चप्पल पायात घालून ज्या ओट्यावर चढायचं, त्या ओट्यावर ती बनवणाऱ्याला मज्जाव होता. प्राडाने श्रेय दिलं नाही याचा राग आलेल्या किती जणांनी आपल्या चप्पलवाल्याचं नाव कधी विचारलंय?

माझे आजोबा साताऱ्याकडचे, हेच काम करायचे. वडिलांनी शपथ घालून आम्हाला त्यातून बाहेर काढलं. आता ती कला 'लक्झरी' झाली म्हणतात. होऊ दे. पण बौद्धिक संपदा म्हणताना 'बुद्धी' कुणाची होती हे या चर्चेत एकदा तरी लिहिलं जावं.

---

रंकाळ्याचा_वारा | १६ डिसेंबर

ताई, बरोबर लिव्हलासा.

---

स्पष्टवक्ता७७ | १६ डिसेंबर

झालं, आली जात. कुठल्याही धाग्याचा काश्मीर करायची खोड काही जात नाही इथल्या लोकांची. विषय कायद्याचा चालला होता.

---

खवचट_पेन्शनर | १६ डिसेंबर

@स्पष्टवक्ता७७, नोंदणीधारक महामंडळाचं पूर्ण नाव वाचा: संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ. जात कायद्याच्या कागदावरच आहे, ताईंनी आणलेली नाही. माझं आणि त्यांचं बाकी काही पटेल असं नाही, पण हे आहे.

---

येवल्याचा_माग | १७ डिसेंबर

चप्पलवाल्यांचं ऐकून आमचंही सांगतो. येवल्यात हातमाग आहे, पैठणी. जीआय आमच्याकडे कोल्हापूरच्या आधीपासून आहे.

आमचा चोर रेक्झिनवाला नाही, पॉवरलूम आहे. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या यंत्रावर, निघालेली साडी, मोर तोच, मुनिया तीच, नारळी काठ तोच, दोन-तीन हजारात. तिला दुकानदार 'सेमी पैठणी' म्हणतो. आता सेमी म्हणजे काय? अर्धी? कोणता अर्धा? वीणकर नाही, हातमाग नाही, बऱ्याचदा रेशीमही नाही. राहिलं काय, तर नाव.

लग्नाच्या घाईत बायका फसतात म्हणून एक सांगतो. पदर उलटा करून बघा. आमच्यात प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, धागा जिथे लागतो तिथेच फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकून परततो. म्हणून मोर मागूनही तसाच स्वच्छ दिसतो. जॅकार्डच्या साडीत मागे धागे लोंबतात किंवा कापलेले असतात, काही जण ते झाकायला अस्तर लावून देतात. पदर उलटा करू न देणाऱ्या दुकानातून उठा.

वकीलसाहेब, या 'सेमी'ला काही औषध आहे का?

---

कायदेपंडित_नव्हे | १७ डिसेंबर

औषध बाटलीत आहे, बूच उघडलेलं नाही. जीआय कायद्याच्या कलम २२ मध्ये अशी तरतूद आहे की 'प्रकारची', 'शैलीची', 'नक्कल' असे शब्द जोडूनसुद्धा नाव वापरायचं नाही. तुमचं 'सेमी' त्यात चपखल बसेल. पण हे जादा संरक्षण केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या मालालाच मिळतं. मूळ कल्पना जागतिक व्यापार कराराची, तिथेही ही कडक बंदी वाइन आणि मद्यांसाठीच आहे. म्हणजे शॅम्पेनला 'शॅम्पेनसारखी' म्हणायची चोरी आणि पैठणीला 'सेमी' म्हणायला मोकळीक. करार कुणी लिहिला ते यावरून ओळखा.

बाकीच्या मालाला ग्राहकाची दिशाभूल झाली हे दाखवावं लागतं. आणि दुकानदार म्हणतो, मी सेमी सांगूनच विकली, कसली दिशाभूल?

---

चहाटळ_चकली | १७ डिसेंबर

आत्ता कपाटातल्या तीन पैठण्या उलट्या करून पाहिल्या. दोन सेमी निघाल्या. त्यातली एक सासूबाईंनी दिलेली आहे. हा प्रतिसाद त्यांच्यापर्यंत जाऊ नये ही नम्र विनंती.

---

मिलानोकर | १९ डिसेंबर

इटलीत दहा वर्षं आहे, चामड्याच्या वस्तूंच्या व्यवसायात. मूळचा मिरजेचा, त्यामुळे दोन्हीकडून टोमणे खातोय. वर 'जीआय फक्त नावाला' असं आलंय. भारतापुरतं मान्य. पण इकडे चित्र थोडं हलतंय.

युरोपात आजवर अख्ख्या संघासाठी मानांकन मिळायचं ते चीज, वाइन, हॅम अशा खाण्यापिण्याच्या मालाला. हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठी २०२३ मध्ये नवा कायदा झाला आणि याच १ डिसेंबरपासून त्याखाली अर्ज घेणं सुरू झालं. काच, लेस, सुऱ्या, कातडी वस्तू, कापड, सगळं येतं. महत्त्वाचं म्हणजे युरोपाबाहेरचे उत्पादकही थेट अर्ज करू शकतात, मायदेशी संरक्षण असलं की झालं. म्हणजे कोल्हापुरी आणि पैठणीला हे दार उघडं आहे.

आता चीजची गोष्ट. फ्रान्समध्ये मोर्बिए नावाचं चीज आहे, त्याच्या बरोबर मधून एक काळी आडवी रेघ जाते. दुसऱ्या एका कंपनीने नाव न वापरता तशीच रेघ असलेलं चीज काढलं. प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं आणि २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की नाव घेतलं नाही तरी, त्या मालाची ओळख असलेलं रूप जसंच्या तसं उचलून गिऱ्हाईक फसण्यासारखं असेल तर तेही मानांकनाचं उल्लंघन होऊ शकतं. चीजच्या रेघेला जे मिळालं ते अंगठा-वेणीला का मिळू नये? नव्या कायद्याची भाषा बरीचशी तशीच आहे. लढावं लागेल, पण निदान मैदान तरी आहे. जूनमध्ये तेही नव्हतं.

दुसरं, ऑगस्टमध्ये आदिदासचं झालं ते इकडे फार गाजलं. मेक्सिकोच्या ओहाका राज्यातल्या यालालाग गावचे वाराचे म्हणजे वेणीच्या चामडी चपला, आपल्या कोल्हापुरीच्या मावसबहिणी म्हणा. आदिदासने एका डिझायनरबरोबर त्यांचंच वरचं अंग बुटाच्या तळव्यावर बसवून मॉडेल काढलं. ओरड झाली, थेट राष्ट्राध्यक्ष बोलल्या, आणि कंपनीची माणसं यालालागला जाऊन गावासमोर माफी मागून आली. गावात जाऊन! मेक्सिकोत २०२२ पासून असा कायदा आहे की आदिवासी समूहांच्या कलेवर समूहाचीच सामूहिक मालकी, परवानगीशिवाय वापरायची नाही. आपल्या कायद्यात समूह हा 'मालक' म्हणून कुठे आहे? मधे महामंडळ लागतं.

---

खवचट_पेन्शनर | १९ डिसेंबर

मिलानोकर, छान माहिती. पण समूहाची मालकी म्हणजे परवानगी देणार कोण? गावचा सरपंच? कापशी कुणाची, कापशीकरांची की कोल्हापूरकरांची? कर्नाटकातला अथणीवाला म्हणेल आमची. मग सीमाप्रश्न चपलेतही. दोन राज्यांनी मिळून एक मानांकन घेतलं हाच मला तर या शतकातला चमत्कार वाटतो.

---

मिलानोकर | २० डिसेंबर

हाहा, ते खरंय. बेळगावावरून कोर्टात आणि चपलेवरून एका टेबलावर.

---

कायदेपंडित_नव्हे | २० डिसेंबर

समूहाच्या मालकीवर एक राहिलं. आपल्या कायद्यात 'अधिकृत वापरकर्ता' नावाची जागा आहे, तिच्याकडे कारागिरांचं लक्षच जात नाही. महामंडळ हे नोंदणीधारक, पण ज्या कारागिराचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात चढलंय, तो स्वतः उल्लंघनाविरुद्ध दाद मागू शकतो. कोर्टाने विचारलेल्या 'तुम्ही कोण?' या प्रश्नाचं उत्तर त्याच्या खिशात असतं. २०२० मध्ये नियम बदलून या अर्जाची फी ५०० वरून १० रुपये केली. दहा! चहाच्या किमतीत.

@रंकाळ्याचा_वारा, आबांचं नाव चढलंय का?

---

रंकाळ्याचा_वारा | २० डिसेंबर

कुठलं काय. आबांना वाटतंय कोल्हापुरात चप्पल शिवली म्हंजे झालं, नाव आपोआप लागतंय. मला बी तसंच वाटत हुतं. इचारतो महामंडळात.

---

आडवा_धागा | २१ डिसेंबर

सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. माझ्या नक्षीवर पाणी सोडलं. त्या ३९९ वाल्यावर केस करायला जेवढा खर्च येईल तेवढ्यात दोन वर्षांचं कापड येतं. नवीन नक्षी तयार आहे. ती कशावरून सुचली तेही सांगत नाही, फोटो तर अजिबात टाकत नाही, सोमवारी आधी अर्ज भरतेय. दोन बहिणींना दाखवली होती, ती प्रसिद्धी धरतात का, वकीलसाहेब?

आणि @खवचट_पेन्शनर, आजोळच्या टाकीवाल्याचा पत्ता काढला. वय ७८. एक ओढणी घेऊन जाणार आहे.

---

कायदेपंडित_नव्हे | २१ डिसेंबर

बहिणींना 'कुणाला दाखवू नकोस' असं बजावून दाखवली असेल तर नाही. बहिणींनी व्हॉट्सॅप स्टेटसला लावली असेल तर देव तुमचं भलं करो.

---

खवचट_पेन्शनर | २१ डिसेंबर

ओढणी कशाला, ७८ वर्षांचा माणूस ओढणीचं काय करेल? उपरणं छापा.

---

रंकाळ्याचा_वारा | ११ जानेवारी २०२६

धागा वर आणतोय, अपडेट द्यायचा हाय.

आबांचा अर्ज भरला. प्रतिज्ञापत्र लागलं, किती वर्षं धंदा त्याचा काय पुरावा म्हणाले. आबांकडं लाकडी पेटी हाय, तिच्यात कातड्याच्या पावत्या निघाल्या, एक १९७१ ची. व्यवसायाच्या रकान्यात मी 'पादत्राणे उत्पादक' असं लिव्हलं हुतं. आबांनी वाचून घेतलं आन म्हणाले, उत्पादक खोड. चांभार लिव्ह, माझ्या बापाच्या कागदावर तेच हाय. आईनं लगेच विचारलं, मग माझा अर्ज कुठाय? वेणी कोण घालतंय? म्हणून आता दुसरा अर्ज आईचा. वीस रुपये झाले एकूण.

---

सावली_उन्हाची | ११ जानेवारी

आईंचा अर्ज वाचून फार बरं वाटलं. वडिलांना दाखवला हा धागा. काही बोलले नाहीत, दोनदा वाचला. मला सहा नंबरची कापशी हवी आहे. त्यांच्यासाठी आठ.

---

रंकाळ्याचा_वारा | ११ जानेवारी

ताई, नंबर नको. कोऱ्या कागदावर उभं राहून पेन्सिल पायाभोवती फिरवा, दोन्ही पायांची, बसून न्हाई. डावा-उजवा लिव्हून फोटो काढा आन शेजारी मोजपट्टी ठेवा. पैसं चप्पल बघितल्यावर.

---

आडवा_धागा | १२ जानेवारी

माझाही कागद येतोय.